म्युटेक्स लावूनही दोघं आत! लायब्ररीच बिघडलीय का?

रात्रपाळी | १३ जानेवारी, रात्री ११.४०

मंडळी, तीन आठवडे धड झोप नाही, म्हणून शेवटी इथं लिहितोय.

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम मी लिहिलाय. नाव विचारू नका. सी भाषा, लिनक्स, काटाघरात जुना पीसी. चार थ्रेड आहेत, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकदम चालणारी चार कामं. 'वाचक' सीरियल पोर्टवरून इंडिकेटरचं वजन वाचतो, सेकंदाला साधारण दहा वेळा. 'बोर्ड' बाहेरच्या मोठ्या लाल आकड्यांवर ते दाखवतो. 'छपाई' पावती काढतो. 'नोंद' दर सेकंदाला वजन उचलतो आणि दर मिनिटाला सगळं डेटाबेसमध्ये टाकतो. चौघांत एक म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप.

दुखणं तीन प्रकारचं आहे.

एक, लॉगमध्ये दिवसातून शेकडो वेळा 'लॉक फेल: सक्सेस' असं येतं. म्हणजे नापास झालास, अभिनंदन!

दोन, दोन-तीन दिवसांतून एकदा प्रोग्रॅम धाडकन पडतो. मरताना पीथ्रेड म्युटेक्स लॉकमधलं असर्शन (कोडमध्येच लिहिलेली अट, मोडली की प्रोग्रॅम थांबतो) फेल झाल्याचं सांगतो. ओनर शून्य असायला हवा होता, तो नाही, असं काहीतरी.

तीन, कधी पडत नाही, पण 'नोंद' गप्प होतो. बोर्डावर आकडे पळतायत, पावत्या निघतायत, डेटाबेसमध्ये मात्र काही नाही. आणि कधी कधी पाच-दहा मिनिटांनी आपोआप सुरूही होतो!

प्रत्येक लॉकला अनलॉक आहे, शंभरदा तपासलंय. मेमरीतल्या चुका शोधणारा व्हॅलग्रिंड चालवला, तोही स्वच्छ. माझं मत झालंय की त्या जुन्या मशीनवरची पीथ्रेड लायब्ररीच बिघडलीय. कुणाला असा अनुभव?

भडंगवाला | १३ जानेवारी, रात्री ११.५२

धाग्यांच्या भांडणावर धागा. बसतो पहिल्या रांगेत, भडंग घेऊन.

शून्यसूचक | १४ जानेवारी, रात्री १२.१०

लायब्ररी बिघडलेली नाही. जगातले एवढे सर्व्हर तीच लायब्ररी वापरतात आणि ती नेमकी तुमच्या काटाघरात बिघडेल का? वीस वर्षांत मी 'कंपायलरचा दोष' असं दहा वेळा म्हणालो असेन. दहाही वेळा दोष माझाच निघाला.

पहिलं दुखणं लगेच मिटवतो. बोर्डवाला थ्रेड ट्रायलॉक करतो ना? आणि एरर छापायला पीएरर?

रात्रपाळी | १४ जानेवारी, रात्री १२.१४

हो. बोर्डाला थांबून चालत नाही, लॉक मिळालं तर ठीक, नाहीतर जुना आकडा राहू दे. तुम्हाला कसं कळलं?

शून्यसूचक | १४ जानेवारी, रात्री १२.३१

'सक्सेस'वरून. पीथ्रेडची फंक्शनं एररनो (चुकीचा नंबर ठेवायची ठरलेली जागा) भरत नाहीत, चूक काय झाली ते परतीच्या किमतीतच सांगतात. पीएरर बघतो एररनोकडे, आणि तिथं शून्य पडलेलं असतं, म्हणून 'सक्सेस'. परत आलेली किंमत छापा, १६ येईल. १६ म्हणजे ईबिझी, दुसरा कुणीतरी आत आहे. ट्रायलॉकला ते रोजचंच. हा आजार नाही, ही नुसती शिंक. खरा आजार असर्शनमध्ये आहे.

अजिंक्यतारा_७ | १४ जानेवारी, सकाळी ७.०५

रात्रपाळी, स्ट्रक्टमधला (एकत्र, ओळीने ठेवलेल्या माहितीतला) म्युटेक्स वर घ्या, अगदी पहिल्या ओळीवर. मला पण एकदा असंच व्हायचं, वर घेतला आणि थांबलं. कारण विचारू नका, पण चालतं.

शून्यसूचक | १४ जानेवारी, सकाळी ७.२०

हे म्हणजे गळक्या कौलाखालची गादी सरकवून 'घर गळायचं थांबलं' म्हणण्यासारखं झालं. तुमच्याकडे अजूनही गळतंय. कुठं, ते तुम्हाला दिसत नाही इतकंच.

अजिंक्यतारा_७ | १४ जानेवारी, सकाळी ७.२४

आज संक्रांत आहे हो. गोड बोला.

धागेदोरे | १४ जानेवारी, सकाळी ९.४५

तिळगूळ घ्या, कोअर डम्प द्या.

रात्रपाळी, ते असर्शन काय म्हणतं ते आधी समजून घ्या. लिनक्सवरच्या साध्या म्युटेक्समध्ये एक आकडा कुलपाचा असतो. ० म्हणजे उघडं, १ म्हणजे लागलेलं, २ म्हणजे लागलेलं आणि बाहेर कुणी ताटकळत असण्याची शक्यता. पुढं 'ओनर' असतो, त्यात कुलूप लावणाऱ्या थ्रेडचा नंबर. अनलॉक करताना ओनर शून्य करून मगच कुलूप उघडतात. त्यामुळे कुलूप ० वरून १ करून जो आत येतो त्याला ओनर शून्यच दिसायला हवा. तुमच्याकडे कुलूप उघडं मिळालं, पण दारावर नाव अजून दुसऱ्याचंच होतं.

याला कारणं मोजकीच. म्युटेक्सचा स्ट्रक्ट असाइनमेंटने कॉपी केला. मेमसेटने पुसला. फ्री केलेली जागा वापरली. दुसऱ्याच्या नावाचं अनलॉक केलं. किंवा शेजारच्या कुणीतरी त्याच्या हद्दीत लिहिलं.

कोअर फाइल, म्हणजे प्रोग्रॅम मरतानाची मेमरीची नक्कल, जीडीबी या डीबगरमध्ये उघडा. सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस (कोण कुठल्या ओळीवर उभा होता ते) काढा, आणि म्युटेक्सचं पोट प्रिंट करून कुलूप नि ओनरचे आकडे इथं टाका.

मिरजमामा | १४ जानेवारी, सकाळी ११.३०

मला संगणकातलं ओ का ठो कळत नाही, पण रेल्वेत पस्तीस वर्षं काढली आणि हा धागा वाचताना आमचा गोळा आठवला.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी हवी. त्यासाठी दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र असायचं, नीलचं बॉल टोकन यंत्र. त्यातून लोखंडी गोळा काढायचा, चामड्याच्या थैलीत घालून वेताच्या कड्यासकट ड्रायव्हरला द्यायचा. तो गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हर स्टेशन सोडणार नाही. एक गोळा बाहेर आला की विजेने जोडलेली दोन्ही यंत्रं बंद. तो कुठल्यातरी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघणारच नाही. गाडी न थांबता जात असेल तर ते कडं धावत्या इंजिनात झेलायचं. पावसाळ्यात खांदे निघायचे लोकांचे.

तुम्ही सगळे 'गोळा कुणी घेतला, कुणी परत दिला नाही' हे शोधताय. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे घेणं-देणं सगळं चोख आहे. मग एक गोळा बाहेर असताना दुसरा निघालाच कसा? आम्ही असतो तर यंत्राची पेटी उघडून बघितली असती.

भडंगवाला | १४ जानेवारी, सकाळी ११.४१

मामा, तुम्ही 'ओ का ठो कळत नाही' म्हणून जे लिहिलंय ते आमच्या प्राध्यापकांना दोन सेमिस्टरमध्ये जमलं नव्हतं.

ऊसकरी_वाळवा | १४ जानेवारी, दुपारी १.१५

हा धागा पोराने दाखवला. कारखाना कुठला ते लिहिलं नाही हे बरं केलं, पण मला वळखायला अडचण नाही.

तुमचा प्रोग्रॅम पडला की आमचे ट्रॅक्टर रांगेत उभे. ऊस तोडल्यापासून वाळत असतो, तासातासाला वजन घटतं, ते कुणाच्या खिशातून जातं? शिवाय काटा बंद पडला की गेटवर पहिली बोंब 'काटामारी'ची होते. आणि अजून एक. माझ्या आणि माझ्या चुलत्याच्या पावतीवर एकच नंबर आलाय. गाड्या वेगळ्या, वजनं वेगळी, नंबर तोच. ह्याचं काय ते सांगा.

रात्रपाळी | १४ जानेवारी, दुपारी १.४०

काका, काटामारी नाही हो, शप्पथ. वजन इंडिकेटर देतो, मी फक्त छापतो. पावतीचं मात्र धक्का देणारं आहे, ते बघतो. तारीख सांगता का?

ऊसकरी_वाळवा | १४ जानेवारी, दुपारी २.०२

९ तारीख, सकाळी. रात्रभर रांगेत होतो, उजाडता उजाडता माझी गाडी झाली आणि लगेच काटा बंद. चुलत्याची गाडी माझ्या मागंच होती, तो पाऊण तास तिथंच.

अजिंक्यतारा_७ | १४ जानेवारी, दुपारी ३.१०

थोडं अवांतर. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचाही म्युटेक्स बिघडला होता ना? सारखं रीसेट व्हायचं. मग आपण कोण!

धागेदोरे | १४ जानेवारी, दुपारी ३.३५

बिघडला नव्हता, तोच तर त्या गोष्टीचा गाभा आहे. म्युटेक्स नेमकं त्याचं काम करत होता. हवामानाची माहिती गोळा करणारं कमी प्राधान्याचं काम कुलूप घेऊन बसायचं. त्याच्या डोक्यावर मधल्या प्राधान्याचं दळणवळणाचं काम येऊन बसायचं, त्यामुळे खालच्याला सीपीयू मिळेना आणि कुलूप सुटेना. सगळ्यात महत्त्वाचं, यानातली माहितीची वाहिनी (बस) सांभाळणारं काम दाराशी उभं. ते वेळेत झालं नाही की वॉचडॉग, म्हणजे पहारेकरी, सगळं रीसेट करायचा. त्या कुलपाचा प्राधान्य-वारशाचा पर्याय बंद राहिला होता, तो पृथ्वीवरून चालू केला. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. इथं त्याचा संबंध नाही, ऊस मंगळावर जात नाही.

ऊसकरी_वाळवा | १४ जानेवारी, दुपारी ३.५०

गेला तरी उचल वेळेवर मिळायची नाही.

रात्रपाळी | १४ जानेवारी, रात्री १०.२०

कोअर उघडली. कुलूप: १. ओनर: २४१७. बॅकट्रेस बघितला तर २४१७ म्हणजे वाचक. असर्शनमध्ये मेलाय तो नोंद. आणि वाचक उभा आहे तो रीडच्या पुढं, अनलॉकच्या आधीच्या ओळींवर.

म्हणजे वाचकाने कुलूप सोडलेलं नाही, तरी नोंदला ते उघडं मिळालं. मामांचा दुसरा गोळा! आता तरी म्हणू का लायब्ररी बिघडलीय?

शून्यसूचक | १४ जानेवारी, रात्री १०.३३

नाही.

धागेदोरे | १४ जानेवारी, रात्री १०.५०

म्हणू नका. पण वाचकाच्या हातात कुलूप असताना कुलपाचा आकडा शून्य झाला, एवढं नक्की झालं. ओनर जागेवर आहे, म्हणजे मेमसेट नाही, स्ट्रक्ट कॉपीही नाही. त्यात सगळंच पुसलं गेलं असतं. इथं फक्त सुरुवातीचा आकडा गेलाय.

एक करा. म्युटेक्सचा प्रकार बदलून एररचेक करा, आणि लॉक-अनलॉक दोन्हींची परतीची किंमत लॉगमध्ये टाका. प्रत्येक ठिकाणी, आळस नको. साधा म्युटेक्स चुकीचं अनलॉक मुकाट्याने गिळतो, हा तक्रार करतो.

पलूसची_पोर | १४ जानेवारी, रात्री ११.१५

मी टेस्टिंगवाली, कोडकडे नंतर बघते. आधी हे सांगा, पडतो किती वाजता? तीन आठवड्यांच्या वेळा द्या. 'दोन-तीन दिवसांतून एकदा' हे उत्तर नाही. ९ तारखेला काकांनी सांगितलं तसं उजाडताना पडला, बाकीच्या वेळी?

रात्रपाळी | १५ जानेवारी, सकाळी ६.४०

ताई, रात्री लॉग चाळले आणि अंगावर काटा आला (काटेवाल्याच्या अंगावर काटा, हसा). आठ वेळा पडला. सहा वेळा पहाटे साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये, दोनदा दुपारी. दुपारच्या दोन्ही वेळी आदल्या रात्री अवकाळी पाऊस होता. नोंद गप्प होण्याच्या वेळाही तशाच.

पहाटे काय होतं म्हणून आत्ता काटाघरात येऊन उभा राहिलो. काही नाही. रांग थांबवतात, दोघं जण खराटे घेऊन काट्यावरचं पाचट नि चिखल काढतात, परत रांग सोडतात. बस.

पलूसची_पोर | १५ जानेवारी, सकाळी ६.४८

झाडल्यावर बोर्डावर काय दिसतं?

रात्रपाळी | १५ जानेवारी, सकाळी ६.५५

उणे वीस. ऑपरेटर चहा पिऊन येतो आणि शून्याचं बटण दाबतो, तोवर तसंच. पावसानंतर चिखल जास्त असतो म्हणून दुपारीही झाडतात.

पलूसची_पोर | १५ जानेवारी, सकाळी ६.५७

उणे चिन्हाला एक अक्षर लागतं.

रात्रपाळी | १५ जानेवारी, सकाळी ७.०१

आई शप्पथ.

धागेदोरे | १५ जानेवारी, सकाळी ८.३०

उठून बघतो तर सामना शेवटच्या षटकात! स्ट्रक्ट आणि वाचकाच्या चार ओळी टाका लवकर.

रात्रपाळी | १५ जानेवारी, सकाळी ९.१०

स्ट्रक्टमध्ये आधी फ्रेम, १६ अक्षरांचा ॲरे. त्याला चिकटून म्युटेक्स. मग बाकीचं.

वाचक असा: सिलेक्टने डेटा आल्याचं सांगितलं की लॉक, मग रीड करून जास्तीत जास्त १६ अक्षरं फ्रेममध्ये, जितकी आली ती एन, मग फ्रेम[एन] = ०, मग वजन काढायचं, मग अनलॉक.

इंडिकेटरची ओळ रोज १५ अक्षरांची, शेवटची दोन नियंत्रण अक्षरं धरून. अधिक चिन्ह तो पाठवत नाही, उणे मात्र पाठवतो. उणे आलं की १६. मग फ्रेम[१६] = ०, आणि फ्रेममध्ये सोळावं घरच नाही, शून्यापासून मोजलं तर पंधराव्यावर संपतं. ते शून्य जातंय शेजारच्या घरात. शेजारी म्युटेक्स.

आणि आत्ताच दिसलं, एररचेकवाला लॉग सकाळी बोलला होता: वाचकाच्या अनलॉकला १, म्हणजे ईपर्म. स्वतः लावलेलं कुलूप, आणि मलाच म्हणतो तुला अधिकार नाही!

धागेदोरे | १५ जानेवारी, सकाळी ९.४०

बरोबरच म्हणतो, कारण त्याला कुलूप लागलेलंच दिसत नाही. तुमच्या मशीनवर म्युटेक्सची सुरुवातच कुलपाच्या आकड्याने होते आणि इंटेलवर आकड्याचा लहान बाइट आधी असतो. त्यामुळे एकच शून्य बाइट पडला तरी १ चा किंवा २ चा थेट ० होतो. फ्रेम नेमकी १६ ची असल्यामुळे मध्ये रिकामी जागाही नव्हती. वीसची असती तर ते शून्य फ्रेमच्याच आत पडलं असतं आणि तुम्हाला कधीच कळलं नसतं.

आता तुमची दोन दुखणी एकाच शून्यातून कशी निघतात बघा. नोंद शून्य पडल्यानंतर दाराशी आला, तर त्याला कुलूप उघडं मिळतं, तो आत शिरतो, ओनरच्या जागी वाचकाचं नाव बघतो आणि असर्शनमध्ये मरतो. तो शून्य पडायच्या आधी आला असेल, तर कुलपाचा आकडा २ करून कर्नलमध्ये झोपलेला असतो. मग शून्य पडतं. वाचक अनलॉक करताना जुना आकडा बघतो, २ असता तर झोपलेल्याला उठवलं असतं. दिसतं ०, म्हणजे बाहेर कुणी नाही, आणि तो निघून जातो. नोंद झोपलेलाच. पुढं कधीतरी छपाई त्याच कुलपावर ताटकळला, आकडा परत २ झाला, की सोडणारा कुणातरी एकाला उठवतो आणि तेव्हा नोंदचा नंबर लागतो. हे तुमचं 'आपोआप सुरू'.

आणि शून्य पडलं तेव्हा दाराशी कुणीच नसेल, तर काहीच होत नाही. साधा म्युटेक्स निमूट अनलॉक होतो. म्हणून रोज झाडूनही रोज पडत नव्हता.

मिरजमामा | १५ जानेवारी, सकाळी १०.१५

म्हणजे पेटीच फुटलेली होती.

अजिंक्यतारा_७ | १५ जानेवारी, सकाळी १०.३०

आणि माझा 'वर घ्या' सल्ला?

शून्यसूचक | १५ जानेवारी, सकाळी १०.४४

तुमचा सल्ला ऐकला असता तर ते शून्य म्युटेक्सऐवजी फ्रेमच्या पुढच्या गोष्टीत पडलं असतं. काय आहे तिथं, रात्रपाळी?

रात्रपाळी | १५ जानेवारी, सकाळी १०.५०

पावतीचा चालू नंबर.

भडंगवाला | १५ जानेवारी, सकाळी १०.५१

भडंग सांडलं.

शून्यसूचक | १५ जानेवारी, सकाळी ११.०५

अजिंक्यतारा, तुमच्याही स्ट्रक्टमध्ये बघून घ्या. मनापासून सांगतोय, टोमणा नाही.

रात्रपाळी, व्हॅलग्रिंड गप्प का राहिला तेही लिहून ठेवा. शून्य पडलं ते त्याच स्ट्रक्टच्या आत. त्याच्या दृष्टीने जागा तुमचीच, तुम्ही हवं तिथं लिहा. ॲड्रेस सॅनिटायझरही अशा घरातल्या घरातल्या घुसखोरीला साधारणपणे पकडत नाही. पकडला असता तो अनडिफाइन्ड बिहेविअर सॅनिटायझरच्या बाउंड्स तपासणीने. ॲरेची लांबी तिथंच लिहिलेली आहे, सोळावं घर मागितल्याबरोबर ओरडला असता. फक्त तपासताना उणे वजन द्यायला हवं होतं, आणि ते टेबलावर बसून कुणाच्या डोक्यात येतं?

पलूसची_पोर | १५ जानेवारी, सकाळी ११.२०

टेस्टिंगवालीच्या.

रात्रपाळी | १५ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

ताई, साष्टांग. आता फ्रेम ६४ ची केली, रीडला एक घर कमी दिलं, आणि वाचक आधी स्वतःच्या बफरमध्ये वाचून मगच लॉक घेतो. एररचेक ठेवलाय. संध्याकाळी मुद्दाम दोघांना काट्यावर उभं करून शून्य दाबलं, मग त्यांना उतरवलं. उणे एकशे तीस दाखवत अर्धा तास चालवला. एकही ईपर्म नाही.

ऊसकरी_वाळवा | १५ जानेवारी, रात्री ८.१०

ते उणे वीसचं मला नीट सांगा. भरल्या गाडीचं वजन झाल्यावर काटा झाडला, आणि बटण दाबायच्या आधी तीच गाडी रिकामी होऊन आली, तर?

धागेदोरे | १५ जानेवारी, रात्री ८.२५

तर रिकाम्या गाडीचं वजन वीस किलोने कमी भरेल आणि तुमचा ऊस वीस किलो जास्त दिसेल.

ऊसकरी_वाळवा | १५ जानेवारी, रात्री ८.३१

मग खराटा मीच घेऊन येतो. पण चिखलाच्या दिवसांत गाड्यांच्या चाकांनी काट्यावर चिखल साठत जातो, तेव्हा उलटं होतं की नाही?

धागेदोरे | १५ जानेवारी, रात्री ८.४०

होतं. मध्ये कुणी शून्य केलं नाही तर तेवढं तुमच्याकडून जातं. काटा रिकामा असताना शून्य दिसतंय का, हे प्रत्येक गाडीआधी बघायचा तुमचा हक्क आहे.

ऊसकरी_वाळवा | १५ जानेवारी, रात्री ८.५२

ते बघतोच. बाकी शून्य घरात शिरलं, झोपलं, मेलं, सगळं वाचलं. माझ्या पावतीच्या नंबराचं अजून कुणी बोललं नाही.

रात्रपाळी | १५ जानेवारी, रात्री ९.३५

बोलतो काका, दिवसभर तेच डोक्यात होतं. तो दोष म्युटेक्सचा नाही, माझा आहे. मी पावती आधी छापतो आणि नंबर डेटाबेसमध्ये जातो नोंदच्या पुढच्या फेरीत, म्हणजे मिनिटभरात. ९ तारखेला तुमची पावती छापली, लगेच काटा झाडला, आणि नोंद लिहायच्या आधीच मेला. प्रोग्रॅम परत सुरू झाला तेव्हा त्याने डेटाबेसमधला शेवटचा नंबर उचलून पुढचा दिला, तो चुलत्यांना. तुमची गाडी डेटाबेसमध्ये नाहीच.

आता आधी नोंद, मग छपाई असं उलटं करतोय. आठही दिवसांच्या कागदी प्रती काटाघरात आहेत, त्या हाताने जुळवायला बसलोय. तुम्ही दोघं तुमच्या पावत्या घेऊन उद्या सकाळी या. झाडायच्या आधी.

ऊसकरी_वाळवा | १५ जानेवारी, रात्री ९.४१

येतो. चुलत्याने त्याची कुठं ठेवलीय ते आधी शोधाय लागंल.